मोडलेल्या मनानंतरचं प्रेम: अशी कादंबरी लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचणं आणि लेखकासोबत बसून ती दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. प्रेमभंग, घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू यांनंतर पुन्हा कुणावर तरी जीव जडतो, अशा आजच्या काळातल्या कादंबऱ्या माझ्याकडे सतत येतात. लिहिणारे बहुतेक नवे असतात आणि नोकरी, घर सांभाळून मनापासून लिहितात. त्यांचे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका ठिकाणी सविस्तर आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्या कादंबरीत प्रेम आहे, पण घर, नोकरी, आईचं आजारपणही आहे. तिला प्रेमकादंबरी म्हणायचं की कौटुंबिक?

कथानकातून ती दोन माणसं एकमेकांना भेटलीच नाहीत असं समजून बघा. तरीही कादंबरी धडपणे उभी राहत असेल, तर ती कौटुंबिक आहे. कोसळत असेल, तर प्रेमकादंबरी. अमेरिकेतल्या प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने दोन निकष सांगितले आहेत: केंद्रस्थानी प्रेमकथा हवी आणि शेवट भावनिक समाधान देणारा, आशादायी हवा. मला ते मराठीसाठीही पटतात.

आपल्या प्रकारात एक गोष्ट जास्तीची असते. पहिल्या प्रेमाच्या गोष्टीत वाचक ‘हे दोघं एकत्र येतील का’ म्हणून पानं उलटतो. इथे त्याला कळायचं असतं की एकदा तोंडघशी पडलेलं माणूस पुन्हा विश्वास टाकेल का, आणि कशाच्या जोरावर. त्या जोराचा शोध म्हणजेच तुमचं कथानक. आईचं आजारपण त्या शोधाला हातभार लावत असेल तर खुशाल ठेवा.

२. शेवट गोडच हवा का? दुःखान्त जास्त साहित्यिक वाटतो.

दुःखान्त लिहा, पण मग पाठमजकुरात ‘प्रेमकादंबरी’ असं छापू नका. हा प्रकार हातात घेणारा वाचक एका भरवशावर तो घेतो आणि स्वतः मन मोडून बसलेला वाचक तर त्या भरवशासाठीच घेतो. त्याला शेवटच्या दहा पानांत अपघातात नायक मारून दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. गोड म्हणजे लग्नच असं मात्र नाही, त्याबद्दल प्रश्न १८ पाहा.

३. हा विषय मराठीत उपरा तर नाही ना? घरचे म्हणतात, हे सगळं परदेशी पुस्तकांतून आलंय.

मुळीच नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली आणि ती विधवांच्या हालांवरच आहे. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे या विधुराने विधवा गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं आणि त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

यातली एक बाजू नवे लेखक विसरतात. ‘विधवेचं लग्न’ ही बंदी प्रामुख्याने ब्राह्मण आणि तत्सम जातींमधली. महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत पाट किंवा मोहतूर, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, लावण्याची रीत पूर्वापार होती. पहिल्या लग्नाइतका मान त्याला नसे, पण वाट बंद नव्हती. त्यामुळे तुमच्या नायिकेची आजी ‘आपल्यात असलं चालत नाही’ म्हणणार असेल, तर ती कुठल्या गावची, कुठल्या घरातली, हे आधी ठरवा. एखाद्या आजीचा स्वतःचाच पाट लागलेला असू शकतो. घरातली ती एकटीच नायिकेच्या बाजूने बोलली तर प्रकरण कसं उजळेल, विचार करा.

४. मन मोडण्याचा प्रसंग प्रत्यक्ष दाखवू, की कादंबरी त्यानंतर सुरू करू?

नंतर. प्रसंगाने सुरुवात केली की पहिली साठ-सत्तर पानं जुन्या माणसातच जातात आणि नवा माणूस पाहुण्यासारखा येतो. मोडल्यानंतरच्या एखाद्या साध्या दिवशी सुरू करा आणि काय झालं होतं ते थोडं थोडं उलगडत न्या. पूर्ण प्रसंग एकदाच यावा, आणि नायिका तो कुणाला तरी पहिल्यांदा सांगते तेव्हा यावा. कुणाला सांगते, यावरूनच वाचकाला तिचं मन कळतं.

५. रडण्याची चार पानं लिहिली, तरी वाचणारे म्हणतात दुःख पोचलं नाही. काय चुकतंय?

अश्रू सगळ्यांचे सारखे असतात, म्हणून ते पोचत नाहीत. दुःख वस्तूंत आणि व्यवहारात अडकलेलं असतं, तिथे शोधा.

समजा, नायिका नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहते. नवरा सोडून गेल्याला आठ महिने झालेत. गॅसचं कनेक्शन त्याच्या नावावर आहे. सिलिंडर खांद्यावर घेऊन माणूस दारात उभा राहतो, घाम पुसतो आणि म्हणतो, ‘मॅडम, कोड सांगा.’ तो कोड नोंदवलेल्या मोबाईलवर जातो, म्हणजे नवऱ्याच्या. आठ महिने टाळलेला फोन आता तिला लावावा लागणार, आणि तोही त्या अनोळखी माणसासमोर, सिलिंडर खाली ठेवू का म्हणून तो ताटकळत असताना. पलीकडून तो चार आकडे सांगतो आणि सवयीने विचारतो, ‘जेवलीस का?’ एवढ्या प्रसंगात चार पानांचं रडणं बसतं.

असे प्रसंग आपल्या जगण्यात पडलेले आहेत. विम्याच्या कागदावरचा वारसदार. सोसायटीच्या जिन्याखालच्या पाटीवरची दोन नावं. मुलाच्या शाळेच्या डायरीतली वडिलांच्या सहीची जागा. संक्रांतीचं हळदीकुंकू, जिथे शेजारीण बोलवावं की नाही या घोळात पडून शेवटी बोलावतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाण घरी आणून देते. शेजारीण वाईट नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

शरीरही विसरू नका. मन मोडलेल्या माणसाची भूक जाते, झोप पहाटे तीनला मोडते, बसचा थांबा मागे पडतो. हे एका ओळीत सांगून पुढे चला, प्रत्येक प्रकरणात नको.

६. नवा माणूस कितव्या पानावर आणावा? आणि आधीच्या दुःखानंतर किती महिने जाऊ द्यावेत?

पानांचं म्हणाल, तर लवकर आणा, कादंबरीच्या पहिल्या एक पंचमांशात. फक्त तो प्रेमी म्हणून येऊ नये. कुणाचा तरी भाऊ, बँकेतला नवा सहकारी, मुलीच्या तबला वर्गातला दुसरा पालक, असा यावा.

महिन्यांचा हिशेब मला कधीच उपयोगी पडलेला दिसला नाही. एका वर्षात सावरणारी माणसं आहेत, दहा वर्षांत न सावरणारीही. मी दुसरी खूण बघते: नायिकेने एकदा तरी एक संध्याकाळ एकटीने, बरी घालवलेली मला दिसली का? स्वतःपुरता वरणभात लावला, पुस्तक वाचलं, झोपली. ती संध्याकाळ पानावर आली की पुढचं प्रेम मी मानते. त्याआधी आलेलं प्रेम एकटेपणाच्या धाकाने आलेलं वाटतं. तसं असेल तर ते कथानकात उघडपणे यायला हवं.

७. माझा नायक समजूतदार, सोशिक, तिला कधीच न दुखावणारा आहे. तरी संपादक म्हणतात तो जिवंत नाही. का?

कारण तो माणूस म्हणून लिहिलेला नाही, औषध म्हणून लिहिलेला आहे. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांतली ही सगळ्यात मोठी अडचण, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिल्या जोडीदाराने जे जे केलं त्याच्या उलट करणारा माणूस लेखक घडवतो. तो ओरडायचा, हा कुजबुजतो. तो विसरायचा, हा सगळं लक्षात ठेवतो. या माणसाला स्वतःची नोकरी असते, पण तिथे तो कधी जात नाही. आई असते, पण तिच्याशी भांडण नसतं. नायिकेला हवं तेव्हा तो मोकळा असतो. वाचकाला अशा माणसाचं प्रेम मिळालेलं आवडेल कदाचित, पण विश्वास बसणार नाही. आणि नायिकेचं नुकसान होतं ते वेगळंच. तिला बरं करण्याचं काम त्याने केलं, तर तिने काय केलं?

दोन गोष्टी करा. एक, त्याला नायिकेशी संबंध नसलेलं काहीतरी हवं असू द्या. वडिलांचा बंद पडत आलेला छापखाना चालू ठेवायचाय, सांगलीची बदली रद्द करून घ्यायचीय, भावाशी वाटणीचा वाद मिटवायचाय. त्यापायी तो तिला एखाद्या संध्याकाळी विसरेल. विसरू द्या.

दोन, तिने नाही म्हटलेला एक प्रसंग लिहा, आणि त्या नाहीनंतर तो कसा वागतो ते दाखवा. प्रश्न ५ मधला गॅसचाच प्रसंग पुढे न्या. नायकाला कळतं. एजन्सीत त्याची ओळख असते. तो तिला न विचारता कनेक्शन नावावर करून घेण्याचा अर्ज आणून, अर्धा भरून, तिच्यासमोर ठेवतो. त्याला वाटतं ती खूश होईल. ती म्हणते, ‘मी सांगितलं होतं का?’ त्याला ते लागतं. तो अर्ज तिथेच ठेवून निघून जातो आणि चार दिवस फोन करत नाही. त्या चार दिवसांत तिला समजतं की हा रुसू शकतो आणि रुसूनही तिला शिक्षा करत नाही. पाचव्या दिवशी ती स्वतः एजन्सीत जाते, रांगेत उभी राहते, कोरा अर्ज घेऊन स्वतः भरते. मग त्याला फोन करते. या क्रमाने आलं तर ते प्रेम तिचंही आहे.

एवढा एक बदल केला आणि आख्खी कादंबरी उभी राहिली, असं मी पाहिलं आहे.

८. आधीचा नवरा किंवा प्रियकर वाईटच दाखवावा ना? नाहीतर ती त्याला का सोडते, हे कसं पटेल?

तो मारहाण करणारा असेल तर तसाच दाखवा. सारवासारव नको. बाकी बहुतेक नाती वाईटपणामुळे मोडत नाहीत. दोघांपैकी एकाने बोलणं बंद केलेलं असतं, दुसऱ्याने विचारणं. त्याचा एक तरी चांगला गुण वाचकाला दिसू द्या, तो नायिकेला अजूनही आठवतो असा. नाहीतर वाचक मनात विचारतो, मग हिने त्याच्याशी लग्न केलंच कशाला, आणि नायिकेच्या शहाणपणावरचा त्याचा विश्वास उडतो.

९. घटस्फोटाला किती दिवस लागतात? कादंबरीत मी तीन महिन्यांत उरकला आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असलेल्या जोडप्याचं साधारण असं असतं. लग्नाला वर्ष होण्याआधी, अपवादात्मक हालअपेष्टा सोडल्या, तर घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्पर संमतीचा असेल तर कलम १३ब खाली दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले हवेत. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा मागणी करायची. योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. म्हणजे तुमचे तीन महिने अगदीच अशक्य नाहीत, पण अट माफ झाल्याचं एक वाक्य लागेल. एकाची संमती नसेल तर वर्षं जातात.

हुकूम मिळाल्या दिवशी दुसरं लग्न लावू नका. एकतर्फी किंवा लढवलेल्या दाव्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं (कलम १५). संमतीने झालेल्या हुकुमावर कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार अपील नसतं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. ही थांबण्याची मुदत लेखकांना जाच वाटते. मला ती देणगी वाटते. दोघांनी ठरवलंय आणि तरी मुदत संपेपर्यंत काही करता येत नाही, याहून चांगलं प्रकरण कुठे मिळणार?

न्यायालयाच्या प्रसंगात हातोडा, पिंजरा, शे-दोनशे बघे नकोत. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांच्या खोलीत दोघांना बसवतात, आणि सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. तुमचा खरा प्रसंग बाहेरच्या बाकावर आहे, पुकारा होण्याची वाट बघत बसलेल्या दोन घरांमध्ये. मुंबईचं कौटुंबिक न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. एक सकाळ आवारात काढून या.

मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी पात्रांना त्यांचे कायदे लागतात आणि गोव्यात नागरी कायदाच वेगळा आहे. नायिका मडगावची असेल तर तिथल्याच वकिलाला विचारा.

१०. नायिका विधवा आहे. घटस्फोटितेपेक्षा काय वेगळं लिहू?

घटस्फोटितेच्या मनात राग असतो आणि तो तिला उभं राहायला मदत करतो. विधवेला तो आधार नाही. नवरा चांगला होता, तो गेला, आणि आता दुसरा आवडू लागला म्हणजे आपण पहिल्याला सोडतोय, असं तिला वाटतं. लेखक इथे पहिल्या नवऱ्याचे दोष शोधून काढतात. तसं करू नका. दोन्ही प्रेमं खरी ठेवा. भिंतीवरचा फोटो काढायचा की नाही यावर नव्या माणसाचं म्हणणं काय, एवढ्यावर एक प्रकरण होतं.

बाहेरचं जग बदलतंय, तेही येऊ द्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाला म्हणून मोठी जाऊ बदलत नाही, हेही खरंच.

पैशाचं नीट बघा. हिंदू वारसा कायद्याने पतीकडून आलेला हिस्सा पुनर्विवाहामुळे परत जात नाही. ‘लग्न केलंस तर जमिनीवर पाणी सोडावं लागेल’ असं दीर धमकावतो आणि तिला ते खरं वाटतं, हा प्रसंग गावोगाव घडतो. कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम मात्र खात्यानुसार वेगळे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या निपुत्रिक विधवेला उत्पन्नाच्या मर्यादेत ते पुनर्विवाहानंतरही मिळू शकतं. तुमच्या पात्राचं खातं कुठलं, त्यानुसार तपासा.

११. आठ-नऊ वर्षांचं मूल आहे. त्याने नव्या माणसाला बाबा म्हटल्यावर कादंबरी संपवू का?

मला हा शेवट आता बघवत नाही, कारण त्यात मुलाचं मन मोठ्यांच्या सोयीने वळतं. आठ वर्षांच्या मुलाला आपला बाबा कोण ते ठाऊक असतं. त्याला नव्या माणसाला काका म्हणू द्या, नावाने हाक मारू द्या. जवळीक दुसऱ्या कशात दाखवा: सायकलची चेन पडली की आधी कुणाला सांगतो, शाळेत मार खाल्ल्याचं कुणापासून लपवतो.

कायद्यातही सावत्र वडील आपोआप पालक ठरत नाहीत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘वडील’ या शब्दात सावत्र वडील धरलेले नाहीत. आईने लग्न केलं म्हणून ताबा आपोआप जातो, हेही खरं नाही. न्यायालय मुलाचं हित बघतं. पासपोर्टचा अर्ज भरताना हे सगळं एकदम अंगावर येतं, तो प्रसंग वापरा.

१२. मन पुरुषाचं मोडलेलं असेल तर?

फार कमी जण लिहितात आणि मला हवं आहे. पुरुषाला रडायला जागा नसते, असं एक वाक्य सगळे लिहितात आणि तिथेच थांबतात. पुढे जा. त्याला घरात काय येत नाही? बिजवर म्हणून स्थळं लगेच येऊ लागतात, बायकोच्या वर्षश्राद्धाआधी मावशी फोटो पाठवते, आणि ‘घर सांभाळायला कुणीतरी हवं’ हे कारण सगळ्यांना पुरेसं वाटतं. त्याला स्वतःला ते पुरेसं वाटत नाही, हा तुमचा संघर्ष. समान परिस्थितीतल्या बाईला पाच वर्षं कुणी स्थळ सुचवत नाही, ते शेजारी ठेवा.

१३. शृंगार किती लिहावा?

पात्रांना जितका पेलतो तितका. मन मोडलेल्या माणसाचं शरीरही बिचकलेलं असतं, त्यामुळे पहिला स्पर्श घाईने उरकू नका. संमती संवादात येऊ द्या. ‘थांबू का?’ हा प्रश्न मराठीत अगदी सहज येतो. जे लिहाल ते आईसमोर वाचता येईल का, हा निकष सोडून द्या. खरं वाटतं का, एवढाच ठेवा.

१४. दोघं एकमेकांना काय म्हणतील? मला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी जावं ते कळत नाही.

चाळिशीतली दोन माणसं कामाच्या ठिकाणी भेटली तर ‘मॅडम’, ‘सर’, ‘तुम्ही’ यांतच बोलतील, आणि ते महिनोन्‌महिने चालेल. इथे तुमच्या हातात फार मोठं साधन आहे. पहिला ‘तू’ हा तुमच्या कादंबरीतला एक प्रसंग आहे. तो कुणाच्या तोंडून, कुठे निसटतो, ते ठरवून लिहा. भांडणात निसटला तर फार छान. मग दुसऱ्या दिवशी कार्यालयात चारचौघांत परत ‘तुम्ही’ म्हणताना दोघांचीही जीभ अडखळते.

पहिल्या नवऱ्याला नायिका ‘अहो’ म्हणत असेल, तर या माणसाला ‘अहो’ म्हणायचं नाही हे तिने मनात ठरवलेलं असू शकतं. कोल्हापूर, नागपूर, मालवणकडची पात्रं असतील तर त्यांना तिथलं बोलू द्या. सगळ्यांना पुण्याच्या मराठीत कोंबू नका.

१५. ही माझीच गोष्ट आहे. नावं बदलली तर पुरे का?

नावं बदलून भागत नाही. गाव, व्यवसाय, भावंडांची संख्या यांवरून माणूस ओळखू येत असेल आणि त्याची बदनामी होत असेल, तर तो दावा लावू शकतो. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार या कायद्याखालच्या दाव्यातली माहिती छापण्यावर बंदी आहे. त्यामुळे स्वतःच्या याचिकेतले परिच्छेद उचलून कादंबरीत घालू नका, ते तुमचेच असले तरी.

कायद्याआधीचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जखम ओली असताना लिहिलेल्या मजकुरात समोरच्याला बोलायला जागा मिळत नाही. हस्तलिखितातलं एक प्रकरण त्याच्या बाजूने लिहून पाहा. छापायचं नाही, फक्त लिहायचं. ते जमत नसेल तर कादंबरीला अजून अवकाश आहे. डायरी चालू ठेवा.

१६. प्रकरणांच्या सुरुवातीला गाण्यांच्या आणि कवितांच्या ओळी टाकल्या आहेत. चालेल?

परवानगीशिवाय टाकू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो आणि आपली बहुतेक आवडती गाणी त्या मुदतीत आहेत. संतांचे अभंग, जुन्या ओव्या मोकळ्या आहेत. आणि गाण्याशिवाय लिहिता येतं: रिक्षात लागलेलं गाणं ऐकून तिने रिक्षा मध्येच थांबवली आणि उतरली, एवढं पुरतं. कुठलं गाणं, ते वाचक आपलं आपण भरतो.

१७. शब्दसंख्या किती, आणि पाठवू कुठे?

पहिल्या कादंबरीला पन्नास ते सत्तर हजार शब्द पुष्कळ झाले. दिवाळी अंकासाठी लघुकादंबरी करायची असेल तर संपादकाला आधी विचारून मर्यादा घ्या. अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, गणपतीत पाठवलेलं बहुधा पुढच्या वर्षावर जातं. वाचनाच्या अॅपवर भाग टाकत लिहिणाऱ्या खूप जणी आहेत. वाचक लगेच मिळतो हा मोठा फायदा, पण प्रत्येक भागाला रोज धक्का द्यायची सवय लागते आणि प्रश्न ६ मधली ती शांत संध्याकाळ लिहायचं राहून जातं. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारकडून विनाशुल्क मिळतो. त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करा.

१८. दोघांना लग्न नकोय. एकत्र राहायचंय, किंवा वेगवेगळ्या घरांत राहून प्रेम ठेवायचंय. वाचक स्वीकारेल?

वाचक स्वीकारतो, फक्त दोघांनी ते मिळून ठरवलेलं हवं. एकाला लग्न हवंय आणि दुसरा टाळतोय, असं असेल तर तो गोड शेवट नव्हे. साठीनंतरच्या जोड्यांमध्ये हे फार खरं वाटतं: मुलांची लग्नं झालेली, दोघांची घरं, कागदपत्रं वेगळी, संध्याकाळचं फिरणं एकत्र. लग्न करायचंच असेल आणि धर्म वेगळा असेल, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लक्षात घ्या. ते तीन साक्षीदार कोण, हा प्रश्न कथानकातल्या सगळ्या नात्यांचा हिशेब मांडतो.

१९. ती पुन्हा त्याच माणसाकडे जाते. हे ‘नवं प्रेम’ धरायचं का?

धरता येतं, आणि घटस्फोटित जोडपं परत एकमेकांशी लग्न करू शकतं, कायद्याची आडकाठी नाही. पण लिहायला हा सगळ्यात अवघड प्रकार. मधल्या काळात दोघंही बदलल्याचं वेगवेगळं दिसलं पाहिजे, एकमेकांच्या नजरेआड. त्याने फक्त माफी मागितली आणि ती वितळली, असं करू नका. आणि आधी हिंसा झालेली असेल, तर हे कथानक प्रेमकादंबरी म्हणून मला हातात घ्यायचं नाही, हे स्पष्टच सांगते.

२०. तिचा घटस्फोट व्हायचाय आणि ती प्रेमात पडली आहे. वाचक तिला दोष देतील का?

काही देतील. व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, पण तो घटस्फोटाचं कारण अजूनही आहे. समोरचा वकील त्याचा वापर करेल. तिला हे माहीत असू द्या आणि माहीत असून तिने काय ठरवलं ते लिहा. तिच्या वतीने वाचकाला स्पष्टीकरणं देत बसू नका. पहिलं लग्न कायम असताना मंदिरात गुपचूप दुसरं लग्न मात्र लावून देऊ नका. तो गुन्हाच आहे आणि त्या लग्नाला कायद्याने अर्थ नाही.

२१. लिहिता लिहिता माझी नायिका म्हणते, मला कुणीच नको. आता?

तिचं ऐका. प्रश्न ७ मधली कामं प्रामाणिकपणे केली की असं कधीकधी होतं, आणि कादंबरी चांगलीच होते. फक्त प्रकाशकाला पाठवताना ती प्रेमकादंबरी म्हणून पाठवू नका, नुसती कादंबरी म्हणा. आणि नायकाची प्रकरणं पुन्हा वाचा. त्याला नकार मिळणार हे ठरल्यावर तो आधीपासून थोडा फिका लिहिला गेला असेल, तर तिथे परत रंग भरा. नकार द्यावासा न वाटणाऱ्या माणसाला तिने नकार दिला पाहिजे.